सोळा कोटींत ऐंशी

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. बाकी सगळे त्यांना दशांशराव म्हणत, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या करणीने कमावलं होतं. किती वाजले असं विचारलं तर माणसं सव्वाचार म्हणतात. हे चार वाजून चौदा मिनिटं म्हणायचे. बायकोने भाजीत मीठ कसं झालंय विचारलं, तर घास तोंडात धरून क्षणभर थांबायचे आणि "किंचित कमी" म्हणायचे. ते खरोखरच किंचित कमी असायचं, हे त्या बाईचं जन्माचं दुखणं. "यांच्याशी भांडायचं म्हणजे तराजूशी भांडायचं," असं ती शेजारणीला सांगे.

रुग्णवाहिकांचे वायरलेस संच दुरुस्त करायची एक खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला होती. एक खिडकी, एक लांब टेबल, त्यावर काळं रबर अंथरलेलं, भिंतीवर टांगलेल्या वायरींच्या वेटोळ्या. या खोलीत दशांशरावांची एकोणतीस वर्षं गेली होती. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात फ्रीक्वेन्सी काउंटर असे, आणि त्या कोपऱ्यात चहाचा कप ठेवायची कुणाची छाती नव्हती.

काउंटर दिसायला साधा. पितळी खोबणी असलेला एक करडा डबा आणि त्यावर हिरव्या आकड्यांची ओळ. पण तो काय करतो हे दशांशराव नव्या माणसाला सांगू लागले की त्यांचा आवाज बदलायचा. वायरलेसची लहर एका सेकंदात सोळा कोटी वेळा वरखाली होते. काउंटर बरोबर एक सेकंद दार उघडतो, आत शिरणारी प्रत्येक लहर मोजतो आणि दार लावतो. "सेकंदाला एक या हिशेबाने, न झोपता, न जेवता मोजायला बसलात तर सोळा कोटींना तुम्हाला पाच वर्षं लागतील," ते म्हणायचे. "हा ते एवढ्यात करतो. आणि चुकला तर एका लहरीने." दाराशी अर्धवट सापडलेली ती एक लहर धरायची की सोडायची, हे काउंटरलाही ठरवता येत नाही, म्हणून शेवटचा आकडा कधी एकने वर, कधी एकने खाली लुकलुकतो. एकोणतीस वर्षांनीही त्या लुकलुकीकडे ते देवळात उभं राहावं तसे उभे राहत.

एक सेकंद केवढा, हे काउंटरला त्याच्या पोटातला क्रिस्टल सांगतो. नखाएवढी चकती ती, ठरल्या तालात थरथरणारी. पण थंडीत ती एक बोलते आणि उष्म्यात दुसरंच, म्हणून तिला एका इवल्या तापत्या डबीत कायम एकाच उबेत ठेवलेलं असतं. त्यामुळे काउंटर कधीही बंद करायचा नाही, हा दशांशरावांच्या उस्तादांनी घालून दिलेला नेम. हा काउंटर अकरा वर्षं सलग चालू होता.

मग शेजारची इमारत पाडायला काढली आणि धुळीने उच्छाद मांडला. बायकोने एक जुनी रजई कापून काउंटरच्या मापाचं जाडजूड आवरण शिवून दिलं. दशांशराव खूश झाले. धूळही लागणार नाही आणि रात्री क्रिस्टलला ऊबही राहील, एका दगडात दोन पक्षी. संध्याकाळी निघताना ते चालू काउंटरवर रजई चढवत, कोपरे नीट खोचत, आणि सकाळी नऊला उतरवत. नाजूक मोजणी सकाळी पहिल्यांदा करायची, रात्रभर शांत बसलेला काउंटर तेव्हा ताजातवाना असतो, असं त्यांचं मत. हे मत त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

त्यांची मुलगी रुग्णवाहिका चालवायची. स्वभावाने आईवर गेलेली, म्हणजे मनातलं ओठावर. शहराच्या दोन टोकांना वायरलेसचे दोन मनोरे होते, एक पाण्याच्या टाकीजवळच्या टेकडीवर आणि दुसरा गिरणीच्या गच्चीवर. नियंत्रण कक्षातून निघालेला शब्द दोन्ही मनोरे एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलत, म्हणजे गाडी कुठेही असली तरी तिला ऐकू यावं. मधोमध विटांच्या जुन्या भट्ट्यांचा खोलगट पट्टा होता. मोबाइलला तिथे रेंज नव्हती, आणि वायरलेसवर दोन्ही मनोरे सारख्याच जोराने ऐकू येत. दोघांचा सूर तंतोतंत जुळलेला असेल तर शब्द एकच वाटायचा. जुळला नाही, तर दोघं मिळून त्याचा चुराडा करणार.

"बाबा, भट्ट्यांपाशी आवाजात घरघर येतेय," मुलगी एक दिवस जेवताना म्हणाली.

"अँटेना सैल असेल गाडीची."

"तिन्ही गाड्यांच्या अँटेना एकदम सैल झाल्या?"

"अगं, दोन्ही मनोऱ्यांचे डबे मी महिन्यापूर्वी स्वतः लावलेत. शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर आहेत."

"म्हणजे माझे कान खोटे."

दशांशराव भात कालवू लागले. तरी तिच्या हट्टापायी त्यांनी दोन्ही डबे पुन्हा तपासले. डबा म्हणजे मनोऱ्यावरची लहर घडवणारं यंत्र. त्याच्या जागी बसवायला अतिरिक्त डबा एकच होता, म्हणून एका वेळी एकच खाली आणता यायचा. टाकीवरचा सकाळी नऊला काउंटरला लावला, सोळा कोटी, बरोबर. गिरणीवरचा आणायला गाडी उशिरा गेली, तो दुपारी अडीचला लावला. तोही सोळा कोटी, बरोबर. त्यांनी हा निकाल मुलीला ऐकवला, आणि जरा चढ्या आवाजातच ऐकवला.

त्यानंतरच्या मंगळवारी भरदुपारी ती भट्ट्यांच्या पट्ट्यात असताना हाक आली. एका शिंप्याला दुकानातच अर्धांगाचा झटका आला होता. गल्लीचं नाव कळलं, पुढे नंबर सांगताना घरघर. ती तीनदा "पुन्हा सांगा" म्हणाली. शेवटी चढ चढून पलीकडे गेली, तिथे पत्ता ऐकला आणि गाडी वळवून परत आली. सहा मिनिटं गेली. शिंपी वाचला, पण त्याचा उजवा हात परत आला नाही.

हे तिने घरी आल्या आल्या सांगितलं नाही. हातपाय धुतले, जेवणाच्या टेबलाशी बसली, ताटाला हात लावला नाही. आईने दोनदा विचारल्यावर तिने सगळं सांगितलं, आणि मग बापाकडे बघून, अजिबात न रागावता विचारलं, "ते दोन डबे तुम्ही कधी एकाच टेबलावर ठेवलेत का?"

ठेवले नव्हते. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्या शिंप्याच्या हाताचा विचार त्यांच्या मनातून जाईना.

शुक्रवारी त्यांनी अग्निशमन दलाकडून दुसरा अतिरिक्त डबा मागून आणला आणि दोन्ही मनोऱ्यांचे डबे टेबलावर शेजारी शेजारी मांडले. नऊ वाजता रजई उतरवली. टाकीवरचा डबा लावला, सोळा कोटी. गिरणीवरचा लावला, सोळा कोटी आणि वर ऐंशी.

त्यांनी वायर बदलली. ऐंशीच. तिसरी वायर लावली, तरी ऐंशी. पुन्हा टाकीवरचा डबा लावला तर आता तोही सोळा कोटींना दोन कमी दाखवू लागला, आणि गिरणीवाल्याचे ऐंशीचे अठ्ठ्याहत्तर झाले होते. दशांशराव स्टुलावर बसले. दर दहा मिनिटांनी दोघांना आळीपाळीने काउंटरला लावायचं आणि आकडे मांडायचे, एवढंच त्यांनी सकाळभर केलं. चहावर साय धरली. अकराच्या सुमारास टाकीवाला चाळीस कमी आणि गिरणीवाला चाळीस जास्त. दोन वाजता गिरणीवाला बरोबर सोळा कोटींवर येऊन थांबला, आणि टाकीवाला ऐंशीने खाली. दोघांतलं अंतर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐंशीच.

वेगवेगळ्या मनोऱ्यांवरून आलेले दोन डबे हातात हात घालून घसरतील कशाला? ते आपापल्या जागी उभे होते. घसरत होता तो काउंटर.

त्यांनी काउंटरच्या पाठीवर तळवा ठेवला. आता ती कोमट होती. सकाळी रजई काढली तेव्हा ती तव्यासारखी तापली होती, ती रोजच तशी लागायची, आणि रोजच त्यांनी ती ताजेपणाची खूण समजून हात काढून घेतला होता. त्या इवल्या डबीला क्रिस्टल तापवता येतो, निववता येत नाही. रजईखाली रात्रभर तो उकडून निघत होता, आणि दुपारपर्यंत कुठे भानावर येत होता. टाकीवरचा डबा त्यांनी मुळात सुरात लावला तोही सकाळी, तपासला तोही सकाळी. गिरणीवरचा लावला तोही दुपारी, तपासला तोही दुपारी. चुकीच्या गजाने मोजलेलं त्याच गजाने पुन्हा मोजलं तर ते बरोबरच येणार.

आणि मग त्यांना भीतीसारखं काहीतरी वाटलं, पण ती भीती नव्हती. सोळा कोटींत ऐंशी म्हणजे वीस लाखांत एक. एवढा फरक धरायला त्यांच्यापाशी अकरा वर्षं न विझलेलं यंत्र होतं, आणि त्याने तो धरला नाही. तो धरला इंजिनाच्या गोंगाटात बसलेल्या एका मुलीच्या कानाने. दोन मनोऱ्यांवरून दोन लहरी निघत होत्या, भट्ट्यांवरच्या हवेत एकमेकींतून वजा होत होत्या, आणि उरलेले सेकंदाचे ऐंशी हेलकावे तिच्या कानात घरघर होऊन उतरत होते. ती वजाबाकी डबे लावल्या दिवसापासून आकाशात बिनचूक चालू होती. तिला सही लागत नव्हती, शिक्का लागत नव्हता. एकोणतीस वर्षं या कामात काढलेला माणूस त्या स्टुलावर बसून थक्क झाला, आणि तितकाच शरमला.

साहेबांना त्यांनी त्याच दिवशी लेखी कळवलं. साहेबांनी कागद वाचला, "धुळीचा परिणाम असं लिहिलं तरी चालेल" असं सुचवलं. दशांशराव म्हणाले, "धुळीने नाही साहेब, मी केलंय."

घरी हे सांगणं जास्त अवघड होतं. मुलगी बूट काढत होती. "तुझा कान बरोबर होता," ते म्हणाले. "माझा काउंटर चुकला. मी चुकलो."

"म्हणजे माझ्या रजईने केलं हे सगळं?" बायको पदराला हात पुसत दारात आली.

"शिवली तू, घातली मी. मापाने शिवायला सांगितलं, वाऱ्याला जागा ठेवायला सांगितलं नाही."

मुलगी बुटाची नाडी हातात धरून बसून राहिली. "तेव्हाच ऐकलं असतंत तर," एवढंच ती म्हणाली, आणि वाक्य पुरं न करता आत गेली. ते पुरं करण्याची गरज नव्हती.

दोन्ही डबे दुपारच्या वेळी एकत्र लावून मनोऱ्यांवर चढवले गेले. तिसऱ्या दिवशी मुलगी रुग्णाला सोडून मोकळ्या गाडीने परतत होती, तिने बापाला इस्पितळाच्या फाटकावरून गाडीत घेतलं आणि काही न बोलता भट्ट्यांच्या पट्ट्यात आणून गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. वायरलेसवर कुणीतरी कुणाला तरी डिझेलबद्दल विचारत होतं. आवाज स्वच्छ होता. फक्त फार लक्ष दिलं तर तो दर चार-पाच सेकंदांनी किंचित भरायचा आणि ओसरायचा.

"हे काय?" तिने विचारलं.

"ते दोघं अजून अगदी एक नाहीत. पाच सेकंदांत एका लहरीचा फरक आहे. यापुढे माझा हात पोचत नाही."

ती ऐकत राहिली. दशांशरावही ऐकत राहिले. आयुष्यभर त्यांनी हे आकड्यांत पाहिलं होतं, कानाने कधी ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

तेवढ्यात हाक आली. कालव्यापलीकडची चौथी गल्ली, घर नंबर दोनशे सदतीस, दुसरा मजला, लहान मूल, श्वास अडकलाय. एका दमात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत.

"समजलं, निघाले," मुलगी म्हणाली, आणि बापाकडे न बघता, "उतरा, बाबा."

ते उतरले. भोंगा वाजला, धूळ उडाली, गाडी वळणापलीकडे गेली. घर तिथून बरंच लांब होतं आणि दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती. भोंगा ऐकू येईनासा होईपर्यंत दशांशराव रस्त्याच्या कडेला उभे होते. लेकीने "पुन्हा सांगा" म्हटलं नव्हतं.