बर्फावर सांगितलेली गोष्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आई म्हणायची — आणि ते खरंच आहे, सगळा घोळ त्यातूनच झाला — पण ही एक गोष्ट मात्र मी इतकी वर्षं घट्ट धरून बसले आहे. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. मी पुण्याची, सुजाता नागपूरची. एकाच कंपनीनं आम्हाला लंडनला पाठवलं आणि आम्ही तिथल्या एजवेअर भागात एका मराठी काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर राहायला लागलो. मोठी खोली माझी, बाजूची चिमुकली बॉक्सरूम तिची. काकूंना तिथे येऊन वीसेक वर्षं झाली होती. काका गेलेले, मुलगा दूर स्कॉटलंडला. आम्हा दोघींवर त्यांचा जीव होता — खरं सांगू? सुजातावर जास्त होता. तिच्या हाताला चव होती. माझी पोळी बघून काकू हसत, म्हणत, हा कुठल्या देशाचा नकाशा गं? मीही हसायचे. पण पोटात दुखायचं. सव्वीस वर्षांची, इंजिनीयर झालेली बाई, आणि पोळीवरून पोटात दुखतंय! आता लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

अविनाशबद्दलही सांगायला हवं. तो आमच्याच ऑफिसात, आणि सुजाताच्या नागपूरच्या कॉलेजातला. दोघं लग्न करणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त त्यानं त्याच्या घरी अजून सांगितलं नव्हतं. सांगतो, सांगतो म्हणत चाचरत होता. का चाचरत होता ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

तर डिसेंबर. थेम्सच्या काठी एका जुन्या दगडी इमारतीच्या चौकात नाताळापुरता बर्फावर स्केटिंग करायचा रिंक घालतात. सुजाताला तिथे जायचंच होतं. शनिवारी सकाळी आम्ही दोघी भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइननं निघालो. थर्मल, त्यावर दोन स्वेटर, त्यावर जाकिटं — पडलो तरी लागू नये एवढ्या फुगलेल्या. बूट बांधून बर्फावर पाय ठेवला आणि मी कठडा धरला, तो वेळ संपेपर्यंत सोडला नाही. सुजाता मात्र धपाधप पडली. पडली की बसल्या जागी हसायची, उठायची, पुन्हा पडायची. एक पाचेक वर्षांची गोरी पोर तिला पाय कसे टाकायचे ते दाखवून गेली. आणि मग ती सुटली — हात पसरून, वाकडीतिकडी, पण सुटली! मला ओरडून सांगत होती, "अगं, सोड तो दांडा, काहून घाबरून राहिलीस? पडू तर पडू." मी नाही सोडला. ती लांब जाताना मला आनंद झाला होता का? थोडा झाला असेल. बाकीचं जे होतं त्याला मी आज नाव देऊ शकते. तेव्हा म्हटलं, थंडीनं होत असेल.

नंतर आम्ही बाकावर बसलो. हातात गरम चॉकलेटचे कप, तिची जीन्स पाठीमागून ओलीचिंब. आणि तिनं मला सांगितलं. सहज, कपात बघत.

"आम्ही बौद्ध आहोत. तुला माहीत नसेल, म्हणून सांगून राहिली."

मला माहीत नव्हतं. तिचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नसे. आणि आमच्या घरी जात पाळत नाहीत, असं आम्ही मोठ्या अभिमानानं सांगत असू. पाळत नाहीत म्हणणाऱ्या घरात ती सगळ्यांची माहीत मात्र असते. दर रविवारी ती लंडनच्या दुसऱ्या टोकाला हाउन्सलोला जायची ते, मला वाटायचं तसं, मैत्रिणीकडे नव्हे. तिथे एका कुटुंबाच्या घरी तिची माणसं जमत, वंदना होई. अविनाशला हे कॉलेजपासून ठाऊक होतं. त्याच्या घरच्यांना नव्हतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

ती म्हणाली, मी लपवत नाही, कुणी विचारत नाही म्हणून सांगत नाही. आता सांगायची वेळ आली होती ती काकूंमुळे. त्यांचं मार्गशीर्षातल्या गुरुवारांचं व्रत चालू होतं. शेवटच्या गुरुवारी उद्यापनाला बायका जेवायला यायच्या होत्या, आणि काकूंनी पुरणपोळीचा नैवेद्य सुजातानं करावा असं ठरवून टाकलं होतं. सुजाता पूजाअर्चा करत नव्हती. आणि आपण कोण हे न सांगता त्यांच्या देवापुढचं ताट करणं ही तिला फसवणूक वाटत होती.

"काकूंना मीच सांगीन, गुरुवारच्या आधी. तू बोलू नको हं."

मी म्हणाले, "त्यात काय एवढं!" किती पटकन म्हणाले.

त्याच संध्याकाळी — दुसऱ्या दिवशीसुद्धा नाही — सुजाता वर आंघोळीला गेली आणि मी ओट्यापाशी काकूंना मेथी निवडून देत होते. काकूंनी विचारलं, ही पोरगी दर रविवारी जाते कुठे गं? अगदी साधा प्रश्न. मला माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. तिलाच विचारा, असंही म्हणता आलं असतं. नाही का? मी सांगितलं. सगळं सांगितलं. आणि सांगताना आवाज उतरवला. कुणाच्या घरात दुर्धर आजार निघाला की बायका उतरवतात, तसा. मी त्यात वाईट असं काही बोलले नाही, प्रत्येक शब्द खरा होता. पण त्या आवाजानंच काकूंना सांगितलं की ह्या गोष्टीला घाबरायचं असतं. मोठ्यानं, हसत सांगितलं असतं तर? माहीत नाही.  निवडलेली मेथी काकूंनी पुन्हा एकदा निवडली.

रविवारी सकाळी त्यांनी सुजाताला चहा दिला आणि सांगितलं, ब्रिस्टलहून भाचा राहायला येतो आहे, बॉक्सरूम लागेल, लवकरात लवकर काही बघ. "आणि नैवेद्याचं राहू दे हो आता. मीच करीन थोडंसं." इतकं गोड बोलल्या की भांडायलाही जागा नव्हती. सुजाता म्हणाली, बरं काकू. सांगायचं तिच्या मनात होतं ते तिनं सांगितलंच नाही. सांगायला उरलं काय होतं?

इथवरचं मी निदान स्वतःशी कबूल करू शकते. जीभ सैल सुटली, म्हणते. मत्सर होता, म्हणते. पुढचं मात्र जिभेचं नव्हतं.

मंगळवारी मी रजा काढून तिचं सामान हाउन्सलोच्या त्या कुटुंबाकडे पोचवायला गेले. करून सवरून नामानिराळी — वर मदतीला! पिकॅडली लाइनवर आम्ही दोघी बॅगा पायात धरून बसलो होतो. ती रडत नव्हती. हिशेब मांडत होती. हे फक्त दोघांना माहीत होतं, म्हणाली, तुला आणि अविनाशला. तू तर सांगणार नाहीस. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "शुक्रवारी तो जेवायला आला होता. काकूंशी काही बोलला का गं?"

शुक्रवारी अविनाश काकूंच्या बॉयलरचा टायमर लावून देत होता. मी तिथेच बटाटे सोलत होते. दोघं टायमरबद्दल बोलले, आणि नागपुरात थंडी किती पडते त्याबद्दल. बाकी एक अक्षर नाही.

"बराच वेळ बोलत होते खरे," मी म्हणाले. "काय ते मला ऐकू आलं नाही."

 तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली की एक तू आहेस म्हणून, नाहीतर ह्या शहरात माझं कुणी नाही. मी हात काढून घेतला नाही. काढायला हवा होता.

अविनाशशी ती पुन्हा बोलली नाही. घरच्यांना सांगायला तो घाबरतो, म्हणून त्यानं काकूंकरवी बोभाटा होऊ दिला, म्हणजे लग्न आपोआप मोडेल — असं तिनं धरलं. दिसायला बसतही होतं सगळं. मी एकदाही म्हटलं नाही की बसत नाही. गुरुवारी एजवेअरच्या त्या घरात उद्यापन झालं. भाचा आला नव्हता, कधीच आला नाही. पोळ्या मी लाटल्या.

जानेवारीत अविनाश ऑफिसच्या जिन्यात माझी वाट बघत उभा होता. दाढी वाढलेली. त्यानं परवाच घरी फोन करून सगळं सांगून टाकलं होतं. आई बोलेनाशी झाली होती. आणि सुजाता फोन उचलत नव्हती. त्यानं माझ्यावर संशय घेतला नाही, हे सगळ्यात वाईट. तो म्हणाला, "तुझं ऐकेल ती. एवढंच सांग तिला, मी नाही बोललो."

मी म्हणाले, सांगते.

तो थँक्स म्हणाला. वसंतात तो भारतात परत गेला. पुढे काय झालं त्याचं, मी कधी विचारलं नाही.

सुजाता अजून लंडनलाच आहे. चांगला नवरा आहे, दोन मुली आहेत. माझ्या वाढदिवसाला न चुकता तिचा फोन येतो, तासभर बोलतो आम्ही. मुलींना ती माझी ओळख करून देते — आईच्या वाईट दिवसांत एकटी हिनंच साथ दिली. मधे एकदा तिनं आपणहून विषय काढला होता. म्हणाली, कधी कधी वाटतं, त्याला एकदा विचारायला हवं होतं.

मी म्हणाले, जाऊ दे गं, जुनं कशाला उकरतेस. आणि मुलींच्या परीक्षेचं विचारलं.