टपालात न पडलेली उत्तरं

जानेवारीत प्राध्यापक हाल्वार्ड त्वाइटेन गेले आणि त्यांची त्रेसष्ट खोकी माझ्या माथी आली. धर्मगुरू घडवणाऱ्या आमच्या सेमिनरीत त्यांनी छत्तीस वर्षं चर्चचा इतिहास शिकवला आणि मी तिथल्या दप्तरखान्यात एकतीस वर्षं धूळ खाल्ली. माणूस कागद म्हणून टाकत नसे. परीक्षेचे पेपर, वाण्याच्या याद्या, पन्नास वर्षांपूर्वीच्या सभांची इतिवृत्तं, सगळं जपलेलं. मिनेसोटाच्या थंडीत तळघरात बसून ते चाळताना माझ्या गुडघ्यांनी त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या.

वर्गात त्यांचं एक पालुपद असायचं. इतिहासकारानं चूक लिहिली तर कुणीतरी दुरुस्त करतं, पण गाळलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. विद्यार्थी नाक वर करून त्यांची नक्कल करायचे. मीही केलेली आहे.

चाळिसाव्या खोक्यात बोर्गहिल्ड ओमडाल नावाच्या बाईंची एक्केचाळीस पत्रं निघाली. दर नाताळाआधी एक. बर्फ किती पडला, कुणाचं लग्न झालं, आणि शेवटी दरवर्षी तेच: हेग्लंड चर्चच्या शताब्दीच्या पुस्तिकेत सहावे पाळक सिगवार्ट ओमडाल, १९२३ ते १९३२, राहून गेले आहेत, ते माझे वडील, दुरुस्ती व्हावी. पुस्तिका १९७४ची. लिहिली होती आमच्या त्वाइटेन यांनीच. ते त्याच गावचे.

पत्रांखाली उत्तरं होती. पाकिटात घातलेली, तिकीट लावलेली, सतरा. एकही टपालात पडलेलं नव्हतं.

पहिली सगळी गुळमुळीत. छपाईत जागा नव्हती, कागदपत्रं मिळाली नाहीत, वगैरे. १९८९चं मात्र वेगळं होतं.

‘मिस ओमडाल, तुमच्या वडिलांनी ज्याला कब्रस्तानाच्या कुंपणाच्या आत पुरलं, तो माझा बाप. मी तेव्हा सहा महिन्यांचा होतो. तुमच्या वडिलांचं नाव छापलं की लोक विचारणार, त्यांना का काढलं. मग माझा बाप कसा गेला तेही निघणार. आईनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. आई गेल्या वर्षी वारली. आता मला अडवणारं कुणी नाही, आणि तरी मी’

पत्र इथंच संपत होतं. तसंच पाकिटात घातलेलं.

त्या काळी आमच्यात स्वतःच्या हातानं जीव देणाऱ्याला कुंपणाबाहेर पुरत. पाळक ओमडाल यांनी ऐकलं नाही. वर्षभरात चर्चच्या सभासदांनी मतदान करून त्यांना काढलं. चर्चच्या तळघरात पाळकांच्या तसबिरी ओळीनं लावलेल्या असतात, त्यातली त्यांची उतरवली आणि दोन्ही बाजूंच्या तसबिरी जवळ सरकवल्या. कुणी भांडलं नाही. आमची माणसं भांडत नाहीत, विषय बदलतात.

जूनमध्ये हेग्लंड चर्च कायमचं बंद होणार होतं. शेवटच्या उपासनेसाठी पुन्हा एक पुस्तिका निघणार होती आणि तीत तीच यादी. चौकशी केली तर बोर्गहिल्डबाई ब्याण्णव वर्षांच्या, शुद्धीवर, जवळच्याच वृद्धाश्रमात. आता नाव छापलं नाही तर कधीच छापलं जाणार नव्हतं. पुस्तिकेच्या समितीतल्या व्हर्लिन स्कोगेनला मी फोन केला. तो आधी पाच मिनिटं मक्याच्या पेरणीवर बोलला, मग बघू या म्हणाला. आमच्याकडे बघू या म्हणजे नाही.

“शेवटच्या महिन्यात कशाला उकरायचं?” तो म्हणाला. “लोक विचारतील.”

“विचारायला उरलंय कोण, व्हर्लिन? अकरा माणसं आहात तुम्ही. त्यातल्या चौघांना ऐकू येत नाही.”

तो पुन्हा मक्याकडे वळला. मग म्हणाला, पाचव्याच्या खाली एक ओळ मावेल म्हणा.

छापलेली पुस्तिका मी स्वतः घेऊन गेले. बोर्गहिल्डबाईंनी कॉफी मागवली, लेफ्सावर, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळीवर, लोणी लावून दिलं, नाव दोनदा वाचलं आणि मान हलवली. मग मी १९८९चं पत्र दिलं. दप्तरखान्यातला कागद बाहेर नेणं नियमात बसत नाही, पण नियम पाळून पाळून मी थकले होते.

त्यांनी ते भिंगातून वाचलं. “हे सगळं माहीत होतं गं मला,” त्या म्हणाल्या. “मी कारण कुठं विचारत होते?”

मग त्यांनी मला सांगितलं. “त्या दिवशी कुणी यायला तयार नाही. बाबा म्हणाले, गाण्याशिवाय कुणाला पुरायचं नसतं, चल. मी सात वर्षांची. एकटीनं तीन कडवी म्हटली. हाल्वार्ड आईच्या कडेवर होता. सगळा वेळ माझ्याकडं बघत होता, आणि हसत होता. त्याच्या बापाला गाण्यानिशी पुरलंय, हे त्याला कुणी सांगितलं असेल का, असं मला दर नाताळाला वाटायचं.”

“मग पत्रात का नाही लिहिलंत?”

“एक ओळ उत्तर आलं असतं तर पुढच्याच पत्रात लिहिलं असतं,” त्या म्हणाल्या. “आपण होऊन असलं कसं काढायचं, पोरी? लाजला असता बिचारा.”

मी चौसष्ट वर्षांची. त्यांच्यासमोर हुंदके देऊन रडले. त्यांनी माझा कप पुन्हा भरला आणि यंदा पाऊस बरा होईल असं म्हणाल्या.