आगीत न घातलेली कुऱ्हाड

मंडळी, दुपारी एक कुऱ्हाड पोचवून आलो, तेव्हापासून वर्कशॉपात नुसता बसून आहे.

आमचा ट्रकवाला दाजी गेला. त्याचा ट्रक भंगारात देताना मुलीने स्प्रिंगचा एक पाटा माझ्याकडे आणला. "काकानू, आवशीक लाकडां फोडूक हलकी कुऱ्हाड करून दिया. पण भट्टीत घालू नकात. बाबांका एकदा आगीत दिलंव, तेवढा पुरे."

मग ग्रायंडरनेच कापली, दांड्यासकट एका तुकड्यात. पाट्याचं पोलाद मुळात कडक, पण तापलं की नरम पडतं. म्हणून जरा घासायचं, लगेच बालदीत बुडवायचं. मुठीला फणसाचं लाकूड बसवलं.

ह्याच पाट्यांची करकर चढणीवर ऐकू आली की मी दाजीसाठी चहा सांगायचो. तो उतरायच्या आधीच ओरडायचा, "साखर कमी घाल रे, मेल्या!"

दुपारी दाजीच्या घरी मुलीच्या आईने, वहिनींनी, कुऱ्हाड हातात घेतली. "तापली नाय मा, भावजीनू?"

"नाय वयनी. जरापण तापाक दिलंय नाय."

त्यांनी पातं गालाला लावलं. "थंड आसा," म्हणाल्या.

गेलेल्या माणसाची कुठली वस्तू तुमच्या घरात अजून रोज हाताला लागते?