रोवण्याचे दोन क्रेडिट

"तू बांधावरच थांब. तुला काय करायचंय हे? तुमच्या लोकांना उपजतच येतं."

मॅडम रागानं नाई बोलल्या. हसून बोलल्या. मी पँट गुडघ्यापर्यंत वर केली होती, एक पाय धानाच्या बांधीतल्या चिखलात होता. तो बाहेर काढला. मॅडमनं वर्गातल्या सगळ्याईचे मोबाईल माझ्याजवळ दिले आन फोटो काढ म्हणल्या. मी काढले. चांगले आले फोटो.

तुमच्या लोकांना म्हणजे कोणत्या, हे त्याईनं सांगतलं नाई. हजेरी घेताना आडनाव वाचलं की मालूम पडतेच. आमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे, शेत नाई.

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष होतं. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात नवा विषय आला होता, फिल्ड प्रोजेक्ट. पुस्तकं वाचून झाली, आता हातानं करून शिकायचं, असं मॅडमनं वर्गात सांगतलं. दोन क्रेडिटचा विषय. तो सुटल्याशिवाय डिग्री नाई. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, कराले जायचं म्हणलं तं मले, खरं सांगू, आनंद झाला होता. वाटलं, चला, आपल्याले जे येते ते एकदाचं कॉलेजात कामाचं निघालं.

बस मूल तालुक्याच्या रस्त्याले लागली तेव्हाच धाकधूक सुरू झाली. आमच्या गावाच्या फाट्यावर वळली तं मी खिडकीतून तोंड आत घेतलं. शेत कॉलेजच्या संस्थेतल्याच एका मोठ्या माणसाचं होतं. माझी माय दरसाल तिथीच रोवण्याले जाते.

आन होती ती तिथी. आठ-दहा बाया वाकून रोवत होत्या, त्यात माय. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पातळ गुडघ्यावर खोचलेलं. तिनं मले पाह्यलं. माझं पांढरं कॉलेजचं टी-शर्ट पाह्यलं. आन तोंड फिरवलं. पोरीले चारचौघात लाज वाटू नये म्हणून मायनं ओळख दाखवली नाई. मी पण नाई दाखवली. हे मले कोणी कराले लावलं नाई. हे माझं मीच केलं.

मॅडमनं बायाईले बांधीतून बाहेर निघाले सांगतलं. विद्यार्थ्यांना अनुभव घेऊ द्या, म्हणल्या. बाया बांधावर येऊन उभ्या राह्यल्या. माझ्या पुढं चार हातावर माय. मग मॅडमनं मलेही तिथीच उभं केलं, तेच ते, उपजत येते म्हणून. वर्गातला एक पोरगा खालून म्हणे, "ओ बाई, जरा बाजूला व्हा, फोटोत येऊन राह्यल्या तुमी." माय बाजूला झाली. मी बटन दाबलं.

रोवणा मागं सरकत करतेत. रोवत जायचं आन एकेक पाऊल मागं घ्यायचं, म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाई. आमच्या गावात पाचवीतल्या पोरीले हे मालूम आहे. वर्गातले पोरं-पोरी पुढं पुढं गेले. जे लावलं ते तुडवत गेले. मूठ-मूठ रोपं एका जाग्यावर कोंबली, खोल, पार शेंड्यापर्यंत. मॅडमनंही तेच केलं, एका हातात छत्री धरून. बाया पाहून राह्यल्या होत्या. मले वाटलं, आता आपल्याले राग येईन. आला नाई. रडू पण नाई आलं. पायावरचा चिखल वाळत होता, तेवढा समजत होता. चार वाजता बसमधी बसली आन होस्टेलले गेली.

रविवारी घरी गेली. माय पायाच्या बोटाईच्या मधात हळद-तेल लावून राह्यली होती. चिखल्या झाल्या होत्या. तिनं विषयच काढला नाई. शेवटी मीच विचारलं, त्या बांधीचं काय झालं. दुसऱ्या दिवशी सगळं उपटलं म्हणे, अर्धी रोपं मोडली होती, नवी आणून पहिल्यापासून रोवली. पोरं आहेत, त्याईले का मालूम, म्हणे. तिले कोणाचा राग नव्हता. तिले राग नाई हे पाहून मले पहिल्यांदा आत काईतरी टोचलं.

"माय, तुले रोवणा कोणी शिकवला?"

"माह्या आत्यानं. खोल लावलं की मनगटावर मारे. दोन पावसाळे लागले मले. रडत रडत शिकली."

म्हणजे उपजत नव्हतं तं. दोन पावसाळे, मार खाऊन. डिग्रीच्या निम्म्याहून जास्त. फक्त कागद नाई भेटला.

फाईल लिहायची होती. त्यात रकाना होता, नवीन काय शिकलात. मॅडमनं लिहून दिलं होतं काय लिहायचं ते. पहिल्यांदाच मातीशी नातं जुळलं, शेतकऱ्याचे कष्ट समजले. सगळ्याईनं तेच उतरवलं. मी लिहिलं: आम्ही पुढे सरकत रोवले व लावलेले तुडवले. दुसऱ्या दिवशी बायांनी ते उपटून पुन्हा रोवले. बांधावर उभी असलेली बाई माझी आई होती. मी तिला ओळख दिली नाही. फाईलीत मार्गदर्शक म्हणून मायचं नाव लिहिलं, पूर्ण.

मॅडमनं पान वाचलं. चष्मा काढला. "हे पान बदलून आण. नाहीतर मला सही करता येणार नाही. वर्षाचा विचार कर."

मी म्हणली, "मॅडम, उपजत नाई येत. शिका लागते."

त्याईनं एक कोरं पान माझ्याकडं सरकवलं. मी ते तिथीच राहू दिलं आन बाहेर आली.

रूममधली पोरगी म्हणे, दोन ओळीचा तं सवाल आहे, लिहून टाक ना. मायले फोन केला तं ती पण तेच म्हणे. लिहून दे बाप्पा, माह्या नावाचं का घेऊन बसली, तू डिग्री घे. ती काऊन असं म्हणते ते मले मालूम आहे. ती परत एकदा बाजूला होऊन राह्यली.

या खेपेस मी तिले बाजूला होऊ देणार नाई. तिचं पण ऐकणार नाई. निकालात त्या विषयापुढं नापास आलं. पुढच्या साली परत फॉर्म भरीन. त्याच्या पुढच्या साली पण भरीन. सही भेटन तं त्याच पानावर भेटन.