रावजीमामांची मोजदाद

रावजीमामांना मुलं किती, हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पहिल्याच भेटीत मी विचारलं, तर म्हणाले, "दत्ता, इठ्ठल, मंगल अन् धाकली सखू."

"म्हणजे चार."

"तुम्ही म्हणता तर आसतील."

मी तीस वर्षं जालन्यात गणित शिकवलेलं. वर्गात असं उत्तर आलं असतं तर पोराला बाकावर उभं केलं असतं. पण समोर सत्तरीचा माणूस, डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, आणि डोंगरातली वाट त्यालाच माहीत! मी आपली त्यांच्या मागं चालू लागले.

आमचा रविवारी भटकणारा गट अकरा जणांचा. कोणी निवृत्त, कोणी मधुमेही, कोणी नुसतंच घरी कंटाळलेलं. जिल्ह्याच्या उत्तरेला बोराटी आणि हिवराच्या झुडपांनी भरलेले डोंगर आहेत आणि त्यांत घराएवढाले काळे, गोल दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे उभे आहेत. ते बघायला आम्ही मामांना वाटाड्या म्हणून घेऊन महिन्यातून एकदा जायचो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी दगडावर थाप मारून जाहीर केलं, "ग्रॅनाइट!" मी म्हटलं, "डॉक्टर, ग्रॅनाइट तुमच्या ओट्यावर. हा आपला काळा पाषाण." मामा खुदकन हसले. त्यांच्या लेखी तो ग्रॅनाइटही नव्हता आणि पाषाणही नव्हता. एक होता 'म्हातारीची चूल', दुसरा 'रुसलेला नवरदेव', आणि दोन दगडांवर तिसरा आडवा पडून झालेली सावली म्हणजे 'ओसरी'.

"ओसरीत किती मेंढरं बसत होती, मामा?"

"बसतील तेवढी बसायची."

पन्नाशीपर्यंत मामांनी त्या डोंगरात मेंढरं चारली. मग गुडघे गेले, पोरं शहागडकडं ट्रकवर लागली, कळप विकावा लागला. मी एकदा चिडूनच विचारलं, की न मोजता इतकी जनावरं सांभाळलीत कशी? तर म्हणाले, "आमच्यात मोजत न्हाईत बाई, वळखतेत. कोण लंगडतंय, कोण मागं रेंगाळतंय, कोणाचा आवाज कसा. आकडा घेऊन काय करू?"

मला काही ते पटलं नाही. माझ्या गळ्यात शिट्टी असायची. प्रत्येक वळणावर मी डोकी मोजायची आणि अकरा भरले की शिट्टी वाजवायची. सगळे मला हसायचे, पण शिट्टीशिवाय पाऊल उचलत नसत.

आमच्यातल्या एकानं गट सोडला होता; त्याच्या जागी त्या रविवारी सुमन पहिल्यांदाच आली होती. पोस्टात कामाला, बोलणं कमी, त्यात सर्दीनं घसा बसलेला. दिवसभर हिंडून चारच्या सुमाराला आम्ही गाडीत येऊन बसलो. मी दारात उभी राहून डोकी मोजली. अकरा. शिट्टी वाजवली, दार लावलं, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

मामा नेहमीसारखे निरोप द्यायला खाली उभे होते. गाडीभोवती एक चक्कर मारून, प्रत्येक खिडकीत डोकावून ते पुढं आले आणि सरळ गाडीच्या समोर उभे राहिले.

"एक न्हाई."

"मामा, अकरा आहेत. मी मोजलेत."

"मास्तरीणबाई, तुमचा आकडा बराबर हाय. सकाळधरनं आपल्यासंगं एक खोकला व्हता. तो कुठंय?"

मी गाडीभर नजर फिरवली. गाडीत खोकणारं कुणीच नव्हतं. आणि मागच्या सीटवर डोक्यावरून टॉवेल घेऊन झोपलेला तो कोण? टॉवेल ओढला, तर खालच्या गावचा एक अनोळखी माणूस! ड्रायव्हरनं त्याला फाट्यापर्यंत सोडतो म्हणून बसवलं होतं. बिचारा डोळे चोळत म्हणाला, "फाटा आला का?"

आम्ही धावतच वर गेलो. मामा पुढं, गुडघेदुखी कुठल्या कुठं! वाटेत थांबून त्यांनी सगळ्यांना तोंडं मिटायला लावली आणि कान दिला. ओसरीच्या मागून अगदी बारीक खोकला आला. फोटो काढायला मागं राहिलेल्या सुमनचा पाय दोन दगडांच्या फटीत घोट्यापर्यंत अडकला होता. हाका मारायला आवाज नव्हता आणि मोबाइल फटीत पडलेला. आम्हाला बघून ती रडायलाच लागली. डॉक्टर पाय ओढायला लागले तसे मामा खेकसले, "ओढून काय करून राह्यले! बुटाला अडकू द्या, पायाला सोडवा." पोटावर पालथे पडून त्यांनी फटीत हात घातला, नाडी सैल केली आणि पाय अलगद बाहेर आला. बूट तिथंच राहिला. त्या फटीला मामांनी लगेच नाव दिलं, 'सुमनचा बूट'.

सुमनच्या घोट्याला जरा सूज होती, बाकी काही नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. मी शिट्टी वाजवून एका बाईला डोंगरात सोडून निघाले होते. पुढच्या खेपेला मी मामांजवळ कबूल केलं, की माझंच चुकलं. ते म्हणाले, "जाऊ द्या. पण तोंडाकडं बघत जा माणसाच्या. तुम्ही नुसती टकुरी बघता."

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. झोपेतच गेले, दत्ताचा फोन आला. महिन्यानं आम्ही पुन्हा त्या डोंगरात गेलो. वाट आता आम्हालाही पाठ झाली होती. म्हातारीची चूल झाली, नवरदेव झाला, सुमननं फटीत वाकून आपला बूट बघितला. खाली येऊन सगळे गाडीत बसले आणि मी दारात उभी राहून एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"बाई, अकरा झाले का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"झाले."

"मंग निघायचं?"

मी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं, जिथं मामा निरोपाला उभे राहायचे. शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि खाली सोडली.

"थांबा जरा," मी म्हणाले. "एक न्हाई."

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. कोण नाही, हे कुणीच विचारलं नाही.