दातात दोरा धरणारा साडभाऊ

आमच्या नागपुरात आजवर एकच खरा फोटोग्राफर होऊन गेला, आणि त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. हे वाक्य मी आनंदाने लिहीत नाही. हा गृहस्थ माझा साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आणि ज्या काळाची ही गोष्ट, त्या सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे चामडी पिशवीतला उत्तम कॅमेरा होता. तरीही सासुरवाडीला बारसं असो की डोहाळजेवण, बायका पदर सारखे करून उभ्या राहत त्या त्याच्यासमोर. माझ्या वाट्याला गाईगुरं आणि सूर्यास्त.

त्याचं तत्त्व साधं होतं. "लोक आधी कॅमेरा घेतात अन् मंग लेन्स पाह्यतात. हे म्हंजे आधी चश्म्याची फ्रेम घेऊन मंग डोळे तपासाले जानं." माणसांचे चेहरे काढायचे तर कुठली लेन्स, हे पक्कं ठरल्याशिवाय तो कॅमेऱ्याला हात लावणार नव्हता. तो पाटबंधारे खात्यात नकाशे काढायला होता. मोजल्याशिवाय तो भाकरीही मोडत नसे. त्याने एका पोस्टकार्डाच्या मधोमध फिल्मच्या चौकटीएवढी खिडकी कापली, कार्डाला दोरा बांधला आणि दोऱ्याला तीन लेन्सच्या मापाने तीन गाठी मारल्या: जवळची पन्नास मिलीमीटरची, मधली पंच्याऐंशीची, लांबची एकशे पस्तीसची. हवी ती गाठ दातात धरायची, दोरा ताणायचा आणि एक डोळा मिटून खिडकीतून बघायचं. त्या लेन्समधून जेवढं दिसेल, तेवढंच खिडकीतून दिसतं म्हणे. पन्नासच्या गाठीला तो पोस्टकार्डाचा वास घेतोय असं वाटे, एकशे पस्तीसला दाताने पतंग ओढतोय असं.

खरी गंमत यापुढे होती. बघून झालं की तोंडातला दोरा सोडून तो न काढलेल्या फोटोचं वर्णन करी, आणि लोक ते ऐकून फोटो मिळाल्यासारखे खूश होऊन घरी जात. एकदा सासऱ्यांना धंतोलीत डॉक्टरांना दाखवायला नेलं, तर याने बाकावरच्या पेशंटांवर खिडकी रोखली. कण्हणारी माणसं ताठ बसली. यवतमाळकडच्या एका आजोबांनी टोपी सारखी केली आणि वर्णन पुरं व्हावं म्हणून आपला नंबर मागच्याला देऊन टाकला. बर्डीवरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात तर हा दर महिन्याला जाई. शेठ लेन्सा मांडे, हा त्यांच्याकडे न बघता शेठकडेच बघे. "पन्नासले तुमचं नाक थोडं पुढं येते शेठ. पंच्याऐंशीले राजबिंडे दिसता." शेठ केसांवरून हात फिरवून याच्यासाठी चहा मागवी. याने त्या दुकानातून कधी काडीही विकत घेतली नाही. मी तिथूनच कॅमेरा घेतला. मला कुणी पाणी विचारलं नाही.

तो कॅमेरा मी घेतला तोच मुळी त्याच्या आधी आपल्याकडे असावा म्हणून. लेन्स त्यालाच जडलेली, साधी. पहिला फोटो सासूबाईंचा काढला, अगदी जवळ जाऊन. प्रिंट आली तेव्हा चेहऱ्याच्या पुढे वीतभर नाक चाललं होतं. सासूबाईंनी ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नाक आमच्या घरचं नोहे." साडभाऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू लई जवळ गेला गा. मानसाले जरा लांबून पाह्यलं म्हंजे सारं चांगलं दिसते."

या सगळ्यावर मी पाणी सोडलं असतं. पण मला एक फोटो हवा होता. माझ्या बायकोचा, हसतानाचा, फक्त एक. लग्नाच्या फोटोत तिची मान खाली होती, आणि नंतर मी कॅमेरा उचलला की ती तहसील कचेरीत साक्ष द्यायला उभी राहिल्यासारखी होई. रोलच्या रोल गेले. हीच बाई भाऊजींनी दोरा दातात धरला की केसांत फूल खोवून येई. "कशी आली, भाऊजी?" "मस्त आली वं. डाव्या गालावर ऊन हाये, बट कानामागं हाये, अन् तू हासू दाबून राहिली." हे ऐकून ती दोन दिवस गुणगुणत असे. मी धुऊन आणलेल्या प्रिंटा बघून म्हणे, "ठीक हायेत."

मग एका हिवाळ्यात, आमच्या प्रताप नगरच्या अंगणात, ती संत्री सोलत बसली होती आणि साडभाऊ पंच्याऐंशीची गाठ चावत तिच्यासमोर उभा होता. मला पुढे जागाच नव्हती. मी जळफळत मागे सरकलो, पार कपडे धुवायच्या दगडापर्यंत, आणि ती खळखळून हसली तेव्हा नुसत्या रागाने बटण दाबलं.

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला फोटो. नाक जिथल्या तिथे, गालावर ऊन, ओठ उघडे. फक्त नजर माझ्या जरा बाजूला. मी तो मोठा करून बैठकीत लावला. येणारा जाणारा म्हणे, "वहिनी कोणाकडे बघून हसताहेत?" मी पंखा वाढवत असे.

साडभाऊने पंच्याऐंशीची लेन्स कायम केली तोवर बर्डीवरचा शेठ टेपरेकॉर्डर विकू लागला होता. कॅमेरा राहिलाच. सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याने त्याचे पुढचे दातही नेले. परवा तो आला आणि फोटोसमोर उभा राहिला. मग जरा सरकला. मग आणखी सरकत थेट कपाटापाशी गेला.

"भाऊ, हे त माह्याकडं पाह्यतच नाही."

हे मला ठाऊक होतं. घरात कुणी नसताना मी कपाटापासून दारापर्यंत सगळीकडे उभा राहून पाहिलं आहे. ती कायम आपल्याला सोडून जरा बाजूलाच बघते.

बायको चहा घेऊन आली. त्याने विचारलं, "काहून वं, तू कोनाकडं पाहून हासली होती तवा?"

"आता काय आठवते? एकाच्या तोंडात दोरा, एकाचं तोंड फुगलेलं." ती आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघू लागली आणि तिला हसू फुटलं.

साडभाऊचा हात खिशात गेला. पिवळं पडलेलं पोस्टकार्ड अजून तिथेच होतं. त्याने गाठ तोंडात धरली. ती दातांच्या खिंडीतून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. मग त्याने सगळं माझ्या हातात दिलं. "धर गा. मधली गाठ."

इतक्या वर्षांत मी त्या खिडकीतून कधी पाहिलं नव्हतं. गाठ चावली, दोरा ताणला, डोळा मिटला. चौकटीत पांढऱ्या बटांची माझी बायको होती, हसत होती, आणि सरळ माझ्याकडे बघत होती.

"कशी आली?" तिने विचारलं.

उत्तर द्यायला दोरा सोडावा लागला असता. मी सोडला नाही.