चढावर तापणारी मोटर

दुकानात वस्तूला चांगलं म्हणायचं नाही, हा आम्हा दोघा भावांचा नियम. दादानं आणि मी तीस वर्षं एकत्र खरेदी केली. पातेली, सतरंज्या, कनाती. भाव मी करायचो, खोड काढायचं काम दादाचं. दुकानदाराला ऐकू जाईल असं तो हिंदीत कुरकुरायचा, "ये तो एक साल भी नहीं चलेगा," आणि मी निघायला उठायचो. दारापर्यंत पोचायच्या आत भाव उतरलेला असायचा. आपसातलं खरं काय ते मराठीत, हळू आवाजात. एवढ्याच भांडवलावर धंदा उभा राहिला. वडिलांनी दोन पातेली ठेवली होती, बाकी काही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण नातेवाईक अजून म्हणतात, आयतं मिळालं.

नदीवरच्या ग्वारीघाटावर भंडारे होतात, त्यांना भांडी आणि सतरंज्या आम्ही भाड्यानं देतो. सामान उतारानं जातं, चढानं परत येतं. आणि येताना जास्त जड असतं, कारण सतरंज्या ओल्या झालेल्या. दादा हे सगळं पायडलच्या तीनचाकी ठेल्यावर ओढायचा. त्याचा गुडघा बोलायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, ठेला सोडा. दादा म्हणाला, "घरी बसून काय करू? घाट पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही." म्हणून बॅटरीवर चालणारी, पुढे मोठी पेटी असलेली सायकल घ्यायचं ठरलं.

नेपियर टाउनच्या दुकानात दोन होत्या. एकीची मोटर मागच्या चाकात, चांगली मोठी, हजार वॉटची. दुसरीची पायडलजवळ, लहान, निम्म्या वॉटची, आणि भाव मात्र जास्त. जास्त वॉट, कमी पैसे. मला विचार करायचं कारणच नव्हतं. मी मोठीवर हात ठेवून दादाकडे पाहिलं.

"ये चढ़ाई पे दम तोड़ देगी," दादा म्हणाला.

"भैया, हज़ार वॉट है," दुकानदार म्हणाला.

"वॉट का अचार डालूँ? मोटर चक्के में है, गियर कहाँ से लगेगा?"

मग तो माझ्याजवळ आला आणि मराठीत म्हणाला, "ही घेऊ नको रे. चढावर पाय अडला की आपण गिअर हलका करतो ना? ती छोटी साखळी ओढते, तिला तो गिअर मिळतो. हिला नाही मिळत. वजन घेऊन हळू रेटत राहिली की तापणार."

मराठीत बोलला. तेवढ्यानं मला कळायला हवं होतं. पण दुकानदाराचा चेहरा पडत चालला होता आणि मला वाटलं, दादा आज रंगात आला आहे. "वा दादा, वा!" म्हणत मी दाराकडे निघालो. भाव धाडकन उतरला. मी मोठी मोटर घेतली. रस्त्यात दादाला खव्याची जिलबी खाऊ घातली.

काही महिन्यांनी घाटाच्या चढावरची फुलवाली मला म्हणाली, "बड़े भैया की गाड़ी रोज़ यहीं गरम होके बंद हो जाती है। बेचारे धकेल के ले जाते हैं।"

मी तडक घरी आलो. दादा गुडघा शेकत बसला होता.

"काहून नाही सांगितलं?" मी ओरडलो. शेजारचे बाहेर आले.

"सांगितलं होतं. मराठीत."

"मग हात धरायचा होता माझा! मी काय ऐकून राहिलो होतो?"

"तू भाव करून राहिला होता," तो म्हणाला. "खूश होता. म्हटलं, चालवून पाहू."

याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. मोठा भाऊ होता, एक थोबाडीत मारली असती तरी मी काय करणार होतो? त्या चालवून पाहण्यात गुडघा गेला. आता पायडल कायमचं बंद, डॉक्टरांनी सांगून टाकलं.

पायडलजवळच्या मोटरची सायकल घ्यायला मी त्याच दुकानात गेलो. दादाला ऑटोतून मुद्दाम नेलं, म्हटलं, त्याला जरा बरं वाटेल. तो काठी टेकून स्टुलावर बसला. दुकानदारानं भाव सांगितला. मी तोंड वाकडं केलं आणि दादाकडे पाहिलं.

"चांगली आहे," दादा म्हणाला. मग दुकानदाराकडे वळून, "अच्छी है। दे दो।"

सवयीनं मी उठलो, दारापर्यंत गेलो. मागून हाक आली नाही. कशाला येईल? परत फिरलो आणि सांगितला तेवढा भाव दिला.

आता सायकल मी चालवतो. चढाला गिअर हलका केला की ती छोटी मोटर ओल्या सतरंज्या सहज वर ओढते. संध्याकाळी घरी आलो की दादा विचारतो, "चढली?"

"चढली," मी म्हणतो.

घाटाचं तो काही विचारत नाही. वहिनी ताट वाढते, आणि त्याचं अर्धं ताट तसंच राहतं.